कुंडीतल्या झाडाबरोबर अडीचशे वर्षं

स्वेटर घाला, पण पटकन काढता येईल असा. लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठावर क्यूची बाग आहे. बाहेर बोचरी थंडी आणि काचेच्या दारापलीकडे घाम फुटेल असा दमटपणा, अशा दोन हवांमध्ये तुम्हाला दिवसभर ये-जा करायची आहे. पायांत जाड तळव्याचे बूट असू द्या, कारण एका ठिकाणी पायाखाली लोखंडी जाळी आहे आणि जाळीखाली आग. घड्याळ घरीच ठेवा. काळ मोजायला तुमच्यासोबत एक झाड आहे. ते वर्षाला जेमतेम अडीच सेंटीमीटर वाढतं आणि अडीचशे वर्षं कुंडीतच आहे. प्रत्येक मुक्कामी आधी त्याच्याकडे बघा, मग आजूबाजूच्या माणसांकडे. झाड फारसं बदलणार नाही. त्याला पाणी घालणारी, त्याच्यासाठी कोळसा ओढणारी, त्याला बघायला येणारी माणसं मात्र दर वेळी वेगळी असतील. ती बघायलाच तुम्ही निघाला आहात.

१७७५

फ्रान्सिस मॅसन नावाचा स्कॉटिश माळी तीन वर्षांनी परत आला आहे. १७७२ मध्ये कॅप्टन कुक ‘रिझोल्यूशन’ जहाजातून जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा क्यूने मॅसनला त्याच जहाजावर बसवून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला धाडलं होतं. खास झाडं गोळा करण्यासाठी क्यूने परदेशी पाठवलेला हा पहिला माणूस. केपच्या डोंगरांतून, माळांवरून बैलगाड्या हाकत त्याने शेकडो जातींची रोपं, कंद आणि बिया जमवल्या. त्यांतलं एक झाड आता तुमच्यासमोर उतरवलं जातंय.

वाका आणि जवळून बघा. बुटकं, खवल्याखवल्यांचं खोड. प्रत्येक खवला म्हणजे गळून पडलेल्या एकेका पानाचा बुंधा. माथ्यावर ताठ, गर्द हिरव्या पानांचा घेर. पानाच्या पात्यांना काटे, हात लावला तर टोचतील असे. माडाचं पोर वाटतं, पण माडाशी त्याचं नातं नाही. हे सायकड आहे, डायनोसॉरांच्या काळापासून चालत आलेल्या घराण्यातलं. याला फूल येत नाही, शंकू येतो. शास्त्रज्ञ पुढे याला एन्सेफॅलार्टोस अल्टेनस्टाईनी म्हणतील. आज ते केपच्या उन्हातून उचलून इंग्लंडच्या ढगाळ आभाळाखाली आणलेलं एक परकं झाड आहे, आणि पहिल्याच हिवाळ्यात ते मरू नये एवढीच सगळ्यांना काळजी आहे.

बाग लहान आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आईने, राजकन्या ऑगस्टाने, १७५९ मध्ये नऊ एकरांवर ती सुरू केली. जवळच दहा मजली चिनी धाटणीचा मनोरा उभा आहे, विल्यम चेंबर्सने १७६२ मध्ये पुरा केलेला. हे सगळं राजघराण्याचं आहे. तुम्ही इथे उभे आहात ते त्यांच्या मर्जीने.

१८१९

झाडाने एकदाच, या एकाच वर्षी, शंकू धरला आहे. तो बघायला सर जोझेफ बँक्स आले आहेत. वय ७६. संधिवाताने पाय निकामी झालेत, म्हणून चाकाच्या खुर्चीतून. तरुणपणी हा माणूस कुकबरोबर ‘एन्डेव्हर’वरून ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आला होता. कोणतंही अधिकृत पद नसताना गेली कित्येक दशकं क्यूचा कारभार त्याच्याच सल्ल्याने चालला आहे. मॅसनला केपला पाठवण्याची कल्पनाही त्याचीच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आलेल्या त्या रोपाचा शंकू आज तो डोळे भरून बघतोय.

पुढच्या वर्षी बँक्स जातील आणि तिसरे जॉर्जही. बागेला वाली उरणार नाही. काचघरं गळू लागतील, झाडांच्या पाट्या हरवतील. १८३८ मध्ये सरकारी समिती येऊन पाहणी करेल. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली अहवालात लिहील, की ही बाग राष्ट्राची करा, तिथे शास्त्र शिकवा आणि वसाहतींमधल्या बागांशी तिला जोडा. १८४० मध्ये बाग राजघराण्याकडून सरकारकडे जाईल आणि १८४१ मध्ये विल्यम हूकर तिचे पहिले संचालक होतील. पहिल्याच दिवसांत ते एक साधी गोष्ट करतील. येणाऱ्यांनी सोबतीला पहारेकऱ्यासारखा माळी न घेता मोकळेपणी हिंडावं, अशी मुभा ते देतील. बाग सार्वजनिक होते ती इथून.

१८४८

आता स्वेटर काढा.

तळ्याच्या काठी ११० मीटर लांबीचं काचेचं घर उभं आहे, पाम हाउस. मधला घुमट जवळजवळ २० मीटर उंच. डेसिमस बर्टन यांनी आराखड्यावर हात फिरवला आहे. डब्लिनचे लोहार-कारखानदार रिचर्ड टर्नर यांनी ते प्रत्यक्षात उभं केलं आहे. टर्नर यांनी जहाजबांधणीतली युक्ती वापरली. जहाजाच्या डेकखाली असतात तशा घडीव लोखंडाच्या वाकवलेल्या तुळ्यांवर सारं छप्पर पेललं. म्हणूनच मधे एवढी मोकळी जागा मिळाली आणि खांबांची गर्दी टळली. आणखी एक कारण कायद्याचं. इंग्लंडमध्ये काचेवर सुमारे शंभर वर्षांचा जुना कर होता, तो १८४५ मध्ये रद्द झाला. कर गेला, काच स्वस्त झाली आणि १६,००० तावदानांचं घर बांधायचं धाडस परवडू लागलं.

वर बघा. उजेड हिरवट वाटतो का? तो भास नाही. झाडं उन्हाने करपू नयेत म्हणून काचेत तांब्याचा अंश घालून तिला हलकी हिरवी छटा दिली आहे. पुढे अनुभवाने कळेल, की इंग्लंडच्या आभाळात मुळात ऊनच इतकं कमी, की ते आणखी गाळून घेण्याची गरज नव्हती. मग साधी काच येईल. पण आज प्रत्येक पान जणू पाण्याखाली आहे असा रंग सगळीकडे पसरला आहे.

दारातून आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. हवा मृगाआधीच्या कोकणातल्या दुपारसारखी, जड आणि थांबलेली. ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा वास. छपरावर जमलेली वाफ थेंब थेंब मानेवर पडते. डोळे सरावले, की ओळखीची मंडळी दिसू लागतात. ही केळ. हा केवडा. लाकडी पिंपांतून उभी राहिलेली ताडामाडांची पिलावळ. पंख्यासारखी पानं कोणाची आणि झावळ्या कोणाच्या, हे तुम्हाला सांगायला कुणी नको. शेजारी उभं असलेलं लंडनचं कुटुंब मात्र तोंडात बोट घालून बघतंय. या मुलांनी माड कधी पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी जगाचा अर्धा भाग आज पहिल्यांदाच खरा होतोय.

मॅसनचं सायकड इथेच आलं आहे. त्याला क्यूमध्ये येऊन त्र्याहत्तर वर्षं झाली. अजून कुंडीतच.

आता खाली वाका आणि लोखंडी जाळीवर तळवा ठेवा. गरम आहे. जाळीखाली तळघरात बारा बॉयलर धडधडताहेत. त्यांतलं गरम पाणी नळांमधून फिरतं आणि वरच्या झाडांना विषुववृत्त मिळतं. या सुंदर घराला धुराडं शोभणार नाही म्हणून धूर भुयारातून दूर नेला आहे. तिकडे जो इटालियन धाटणीचा देखणा मनोरा दिसतो, तो खरं तर धुराडं आहे. त्याच भुयारातून छोट्या रुळांवर कोळसा येतो. कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात एवढ्या लांबून धूर ओढला जात नाही, भट्ट्या नीट पेटत नाहीत आणि तळघरात पाणी झिरपतं. भट्टीवाले धुरात आणि गुडघाभर चिखलात उभे राहून रात्रभर कोळसा घालतात. वर फिरणाऱ्या कुणालाही ते दिसत नाहीत. जानेवारीच्या एका रात्री आग विझली, तर सकाळी वरची झाडं काळी पडतील. एक रात्र पुरेल.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक मुक्कामी ती उपयोगी पडेल. काचघर बांधून पुरं होत नाही. ते रोज चालवावं लागतं.

वर्षभरात किती लोक आले याचा हिशोब हूकर ठेवतात. १८४१ मध्ये सुमारे ९,००० आले होते. १८५१ मध्ये, हाइड पार्कच्या महाप्रदर्शनाच्या वर्षी, तीन लाखांहून जास्त लोक येतील. कामगार, मोलकरणी, शिंपी, फेरीवाले. कुणीही यावं.

१८७६

जूनचा महिना. बागेत नुसती धावपळ आहे. ब्राझीलमधल्या तापाजोस नदीकाठून हेन्री विकहॅम ७०,००० बिया घेऊन आला आहे. बिया रबराच्या आहेत. तेलकट असल्याने त्या फार लवकर मरतात, म्हणून एक दिवसही दवडायला नको. ऑर्किडच्या आणि रोपवाटिकेच्या काचघरांमधलं सामान बाहेर काढून वाफे मोकळे केले जाताहेत. माळी रांगेत बसून बिया पेरताहेत. जवळ जा. बी तुमच्या अंगठ्याएवढं, तपकिरी, त्यावर ठिपक्यांची नक्षी. चारच दिवसांत काही बियांना मोड येतील. ७०,००० मधून जेमतेम २,७०० रोपं जगतील. खर्चाच्या मानाने ते पुष्कळ.

ऑगस्टमध्ये ही रोपं वॉर्डच्या पेट्यांमध्ये भरून श्रीलंकेला निघतील. ही पेटी एकदा उघडून बघा. खाली मातीचा थर, बाजूंना लाकूड, वर काचेचं उतरतं छप्पर, सगळं बंदिस्त. लंडनचे डॉक्टर नॅथनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास दिसलं होतं, की बंद काचेत रोप ठेवलं, तर पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते आणि रोपाला महिनोन्‌महिने बाहेरच्या पाण्याची गरज पडत नाही. त्याआधी समुद्रावरून पाठवलेली बहुतेक रोपं खारट वाऱ्याने वाटेतच मरत. आता ती पोचू लागली आहेत. पाम हाउस हे जमिनीवर घट्ट बसलेलं काचघर, आणि या पेट्या म्हणजे जगभर फिरणारी लहान लहान काचघरं.

त्या पेटीत काय काय भरलं गेलं याचा विचार करा. १८६० पासून सिंकोनाची रोपं अँडीज पर्वतातून निलगिरीवर आली. त्यांच्या सालीतून क्विनाईन निघालं आणि पुढे हिंदुस्थानात टपाल कचेरीतून त्याच्या पुड्या मिळू लागल्या. हिवतापात तडफडणाऱ्या घराघरांना त्याचा आधार झाला. रबराच्या याच रोपांची संतती श्रीलंकेत आणि मलायात पसरली. त्या मळ्यांवर तमिळ मजूर जहाजं भरभरून नेले गेले. दुसरीकडे अॅमेझॉनकाठचा रबराचा व्यापार पुढच्या चाळीस वर्षांत कोसळला. ज्या रानातून बी आलं, तिथल्या माणसांना त्यातून काहीही मिळालं नाही. बिया वेचणाऱ्या तापाजोसकाठच्या लोकांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

हे सगळं तुम्ही वाफ्याशेजारी उभे राहून बघताय, म्हणून एक गोष्ट स्पष्ट दिसते. याच काचेखाली ज्ञान आहे आणि लूटही आहे. दोन्ही एकाच हाताने पेरली जाताहेत. एकाकडे बघायचं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हे इथे उभं राहून जमत नाही.

बागेबाहेर आणखी एक भांडण पेटलंय. सकाळी बाग फक्त अभ्यासकांसाठी असते. लोकांना दुपारनंतर सोडतात. विल्यम यांचे चिरंजीव जोझेफ हूकर आता संचालक आहेत आणि बाग मुख्यतः शास्त्रासाठी आहे, हे त्यांचं ठाम मत आहे. क्यूचे रहिवासी सभा भरवताहेत, अर्ज करताहेत. दारं लवकर उघडा, रस्त्याकडेची भिंत उतरवा, ही त्यांची मागणी. एकदा बाग लोकांची आहे म्हटल्यावर लोक तिच्यावर हक्क सांगणारच. तसा हक्क सांगितला, म्हणूनच पुढे हळूहळू वेळ वाढत गेली.

१८९६ ते १९१६

पुढची वीस वर्षं भराभर चालत ओलांडा, फक्त तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, १८९६. वाफ्यांमध्ये तपकिरी कोट आणि गुडघ्याखाली बांधलेल्या विजारी घातलेल्या दोन मुली काम करताहेत. अॅनी गल्विन आणि अॅलिस हचिंग्ज. स्वॅन्ली इथल्या बागकाम महाविद्यालयातून शिकून आलेल्या, क्यूच्या पहिल्या पगारी महिला माळी. पगार पुरुषांइतकाच. पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून घागऱ्याऐवजी पुरुषी पोशाख सक्तीचा केला, पण त्याच पोशाखामुळे लंडनभरातून बघे लोटले. त्या दोघी मात्र खुरपं खाली ठेवत नाहीत.

दुसरं, साधारण १९०५. पाम हाउसमधून बाहेर पडून वनस्पतिसंग्रहाच्या इमारतीत या. इथे लोखंडी जिन्यांचे तीन मजले आहेत आणि कपाटांतून दाबून वाळवलेल्या वनस्पतींचे लाखो कागद. टेबलाशी थिओडोर कुक बसलेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे ते प्राचार्य होते, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. निवृत्तीनंतर इथे बसून ते मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिताहेत. तो १९०१ पासून भागाभागांनी निघतो आहे, १९०८ मध्ये पुरा होईल आणि शंभर वर्षांनंतरही सह्याद्रीत झाडं शोधणारे अभ्यासक तो उघडतील. त्यांच्या खांद्यावरून बघा. समोरच्या कागदावर एक फांदी टाके घालून बसवली आहे. पानं तपकिरी झालीत, पण शिरा स्पष्ट आहेत. कोपऱ्यात शाईने ठिकाण लिहिलंय. घाटातल्या कुठल्याशा उतारावरून आलेलं हे पान ढगाळ दुपारी एका भिंगाखाली आहे. कुक नमुना स्वतः पाहतात आणि मगच लिहितात. आपल्या डोंगरांची एक मोठी नोंदवही अशी सातासमुद्रापार तयार झाली, कारण नमुने तिथे होते आणि ते तपासायची सवड आणि साधनंही तिथेच. क्यूमधले गवतांचे जाणकार ओटो स्टाफ यांनी पुण्याच्या भिडे या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव सह्याद्रीतल्या एका गवताच्या प्रजातीला सुचवलं. ‘भिडिया’ हे नाव आजही वनस्पतिशास्त्रात चालू आहे. पाट्यांवर आपली नावं फारच थोडी, त्यांतलं हे एक.

तिसरं, फेब्रुवारी १९१३. पहाट झाली आहे. ऑर्किडच्या काचघराची तावदानं फुटली आहेत, रोपं उपटून पडली आहेत. स्त्रियांना मताचा हक्क मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे केलं आहे. बारा दिवसांनी चहाची टपरीवजा इमारत जळेल आणि दोघींना अटक होईल. माळ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. काच फोडणाऱ्यांची मागणी न्याय्य आहे. उपटलेली रोपं परत लागणार नाहीत, हेही तितकंच खरं. सार्वजनिक जागेत समाजाची भांडणं शिरतात. कुंपण घालून ती बाहेर ठेवता येत नाहीत.

निघताना १९१६ मध्ये दाराशी एक पेनी द्या. महायुद्धाच्या खर्चामुळे क्यूमध्ये पहिल्यांदाच तिकीट लागलं आहे. माळी आघाडीवर गेले आहेत आणि झारी पुन्हा बायकांच्या हाती आली आहे.

१९४० नंतर

आकाशात विमानं आहेत. युद्धकाळात बागेच्या आवारात तीसेक बॉम्ब पडतील. पाम हाउस वाचेल, काचा मात्र पुष्कळ जातील. दहा मजली मनोऱ्याच्या सगळ्या मजल्यांना भोकं पाडली आहेत. नव्या बॉम्बचे नमुने वरून सोडून ते कसे पडतात हे तिथे तपासतात. हिरवळीवर बटाटे आणि कोबी लावून घरच्या परसात भाजी कशी पिकवायची हे लोकांना दाखवलं जातंय. कोळसा तुटपुंजा आहे. तरीही कुणीतरी रोज उठून बॉयलर पेटवतंय. दीडशे वर्षं ओलांडलेलं ते सायकड याच उबेवर जगतंय.

युद्धानंतर लोखंड इतकं गंजलेलं सापडलं, की घर पाडून टाकावं अशी भाषा झाली. ते पाडलं नाही, डागडुजी केली. पण खरी शस्त्रक्रिया १९८४ मध्ये सुरू झाली. झाडं बाहेर काढली. काही कापून, काही कलमं करून, काही क्रेनने उचलून. सगळी तावदानं उतरवली. लोखंडाचे वाकलेले भाग एकेक करून सोडवले, घासले, रंगवले आणि जिथले तिथे बसवले. काच धरणाऱ्या पट्ट्या गंजणार नाहीत अशा पोलादाच्या केल्या. त्यांची एकूण लांबी १६ किलोमीटर. चार वर्षं लागली.

त्या कामाच्या मधेच, १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तुम्ही बागेत या. झाडाला धरून उभे राहू नका, उघड्यावर आडवे व्हा. वारा किंचाळतोय. बुंधे मोडल्याचे आवाज तोफांसारखे. उजाडेल तेव्हा ७०० झाडं आडवी झालेली असतील.

टर्नरच्या ओकजवळ थांबा (हे टर्नर काचघरवाले नव्हेत), कारण इथे घडतंय ते जगभरच्या बागांना शिकवून जाणार आहे. १७९८ मध्ये लावलेला हा वृक्ष. वाऱ्याने तो मुळांच्या अख्ख्या थाळीसकट वर उचलला आणि पुन्हा आपल्याच खड्ड्यात बसवला. माळी त्याला टेकू देऊन पुढे गेले. एवढी झाडं पडली असताना याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? गेली काही वर्षं हा ओक तसाही मलूल होता. तीन वर्षांनी ते परत आले, तर झाड टवटवीत, नवी पालवी भरपूर. कारण सापडलं ते साधं होतं. वर्षानुवर्षं बघ्यांच्या पायांनी सावलीतली माती दगडासारखी दाबली गेली होती. मुळांना हवा आणि पाणी मिळत नव्हतं. वादळाने झाड हलवलं आणि माती मोकळी झाली. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतीच्या मातीत दाबाची हवा सोडून ती भुसभुशीत करतात, आणि बुंध्याभोवती हिरवळीऐवजी पालापाचोळा पसरतात. ज्या लोकांसाठी बाग उघडली, त्यांच्याच प्रेमळ पावलांनी झाडाचा श्वास कोंडला होता. दार उघडणं जितकं गरजेचं, तितकंच पाऊल कुठे टाकायचं हे शिकणंही.

आज

पुन्हा पाम हाउसच्या दक्षिण टोकाला या. मॅसनचं सायकड तिथेच आहे. खोड चार मीटरहून लांब झालंय आणि तिरकं वाढत गेल्याने त्याला खालून टेकू दिले आहेत. वजन एक टनाहून जास्त. कुंडी २००९ मध्ये बदलली, तेव्हा क्रेनची, माणसांची केवढी जुळवाजुळव करावी लागली. जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड म्हणून लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. तुम्ही त्याची पाटी वाचा. नाव, कुळ, मूळ देश. आता तुम्हाला त्या पाटीवर न मावलेलंही ठाऊक आहे. केपच्या वाटेवरची बैलगाडी, चाकाच्या खुर्चीतले बँक्स, गुडघाभर चिखलातला भट्टीवाला, युद्धात बॉयलर पेटवणारे हात.

इथून दहा मिनिटं चालत टेंपरेट हाउसला जा. पाम हाउसच्या दुप्पट मोठं, पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडलेलं. तिथे त्याचं एक भावंड आहे, एन्सेफॅलार्टोस वूडी. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात त्याचं एकच झाड सापडलं. त्याचाच एक भाग १८९९ मध्ये इथे आला. नर आहे. मादी आजवर कुठेही सापडलेली नाही. जगभरच्या बागांत या जातीची जी झाडं आहेत, ती सगळी त्याच एका झाडाच्या फुटव्यांची. रानात एकही उरलेलं नाही. बागा नसत्या, तर ही जात आज फक्त चित्रात असती. १८७६ मध्ये वाफ्याशेजारी जो हिशोब मनात राहिला होता, त्याची दुसरी बाजू ही. बागांमध्ये आणलं गेलं म्हणून ते जगलं. आणि फक्त बागांमध्येच जगलं, म्हणून ते पुरेसं नाही. आज क्यूची बियाण्यांची बँक वेकहर्स्टला आहे, आणि ज्या देशांतलं बी, त्या देशांशी करार करून, त्यांच्या शास्त्रज्ञांबरोबर ते साठवायचं, अशी तिथली रीत आहे. घेण्यापासून वाटून घेण्यापर्यंत यायला दोन शतकं लागली. ही वाट अजून पुरी झालेली नाही.

पाम हाउससाठीही पुढची मोठी दुरुस्ती ठरली आहे. ऊब हवी, पण इंधन जाळून नको, असा या वेळचा प्रश्न आहे. १८४८ मध्ये कोळसा हे उत्तर होतं. प्रत्येक पिढीला स्वतःचं उत्तर शोधावं लागतं, आणि झाड तोवर थांबत नाही. त्याला आज रात्रीही उबेची गरज आहे.

एवढा प्रवास करून परतलात, की आपल्याकडच्या बागांकडे याच नजरेने बघा. पुण्यात गणेशखिंडीची बाग आहे. १८७३ मध्ये दापोडीच्या जुन्या बागेची जागा तिने घेतली. २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे, १८६२ पासून लोकांसाठी खुली. तिच्या जुन्या झाडांवर विकास आराखड्याचं संकट आलं, तेव्हा साध्या नागरिकांनी एकेक झाड मोजलं, ओळखलं, नावासकट नोंदवलं आणि त्या यादीच्या बळावर वर्षानुवर्षं झगडा दिला. यादी हातात होती, म्हणून ‘थोडी झाडं जातील’ असं मोघम बोलून भागलं नाही. कोणतं झाड, किती जुनं, हे सांगावं लागलं.

क्यूच्या अडीचशे वर्षांनी मला शिकवलं ते हेच. वारसा म्हणून एखादी बाग जाहीर होते, तो एक दिवस असतो. ती जगते ती त्यानंतरच्या रोजच्या कामावर. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या गावच्या बागेत गेलात, की तिथल्या माळ्याशी बोला. पाणी कुठून येतं, माळ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, कोणत्या झाडाला पाटी नाही, हे विचारा. मग तेच प्रश्न नगरपालिकेला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. बाग सार्वजनिक आहे, याचा अर्थ तिच्या उद्याची जबाबदारी तुमच्या नावावर आहे.